पॅड पोचलं, न्हाणी राहिली

पाळीच्या स्वच्छतेबाबत आपल्याकडे जी आकडेवारी सर्रास सांगितली जाते, ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली. 15 ते 24 वयाच्या मुली आणि बायका पाळीत ‘स्वच्छ साधन’ वापरतात का, असा त्यातला प्रश्न आहे. 2015-16 च्या फेरीत देशभरात 58 टक्क्यांच्या आसपास असलेलं हे प्रमाण 2019-21 च्या फेरीत तीन चतुर्थांशांच्या पुढे गेलं. ग्रामीण भागातही ते 72 टक्क्यांवर आलं. प्रगती खरी आहे, ती नाकारण्यात काही अर्थ नाही. पण ‘स्वच्छ’ कशाला म्हटलंय ते पाहा. बाजारातलं पॅड, गावात तयार केलेलं पॅड, टॅम्पॉन आणि कप ही साधनं स्वच्छ, कापड अस्वच्छ. म्हणजे सकाळी सातला लावलेलं पॅड रात्री आठला काढणारी बाई स्वच्छ गटात बसते आणि साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड दिवसातून तीनदा बदलणारी बाई अस्वच्छ गटात. त्याच पाहणीत निम्म्या मुलींनी आपण कापडही वापरतो असं सांगितलं आहे. ही पाहणी साधन मोजते. ते कुठे बदललं, कशात धुतलं, कुठे वाळवलं, कुठे टाकलं हे मोजत नाही. परभणी जिल्ह्यात या विषयावर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. आपण इतकी वर्षं वस्तू पोचवण्यात घालवली आणि जागा तयार करायची राहिली. बाईची पाळी सुखाची होते की त्रासाची, हे तिच्या हातात काय दिलं यावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ती वस्तू बदलायला तिला आडोसा, पाणी आणि पाच मिनिटं मिळतात का यावर ठरतं.

वस्तू पोचवण्याचा इतिहास बराच आहे. केंद्राने 2011 मध्ये आशांमार्फत सहा रुपयांत सहा पॅड देण्याची योजना आणली. राज्याने 8 मार्च 2018 रोजी अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या किशोरवयीन मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट आणि गावातल्या बायकांना बचत गटामार्फत सवलतीच्या दरात पॅड. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी रद्द झाला आणि 2019 पासून जनऔषधी केंद्रात पॅड एका रुपयाला मिळू लागलं. या सगळ्याचं श्रेय द्यायलाच हवं. शाळेत जाणाऱ्या मुलीला पॅडने जी मोकळीक दिली, ती दुसऱ्या कशाने दिली नसती. पण प्रत्येक योजनेचं यश किती पाकिटं गेली यावर मोजलं गेलं आणि पाकीट घरात शिरल्यावर पुढे काय झालं, हे कुणाच्याच रकान्यात नव्हतं.

आता घर पाहू. जिंतूरच्या डोंगराळ भागातला तांडा असो की गंगाखेड-पालमकडचं गोदाकाठचं गाव, जुन्या घरांत न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात असते. तीन बाजूंनी पत्रा किंवा पोत्याचा आडोसा, चौथ्या बाजूला साडीचा पडदा, वर आभाळ, खाली एक फरशी, आणि तिथलं पाणी वाहत जाऊन गल्लीतल्या नालीला मिळतं. स्वच्छ भारत अभियानात 12 हजार रुपयांच्या अनुदानातून संडास झाले, 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीरही झाला. पण त्या पैशांत जे बांधलं गेलं ते फक्त संडासाचं भांडं आणि चार भिंती. आत खुंटी नाही, कोनाडा नाही, बसून काही धुवावं एवढी जागा नाही, बऱ्याच ठिकाणी नळ नाही. पाणी बाहेरून बादलीने न्यायचं. पाळीत बाईला जे करायचं असतं, त्यातलं बहुतेक संडासात होत नाही, न्हाणीत होतं. आणि न्हाणीसाठी कुणी अनुदान दिलेलं नाही. कापड धुतलं की लाल पाणी नालीतून साऱ्या गल्लीसमोर जातं. म्हणून ते धुणं पहाटे अंधारात किंवा रात्री उशिरा उरकलं जातं, कमी पाण्यात, घाईने, पुष्कळदा साबणाशिवाय. मग ते कापड वाळतं ते लुगड्याखाली, पत्र्याच्या मागे, गोठ्यात नाहीतर ट्रंकेच्या फटीत. परभणीत मे महिन्यात पारा 44 अंशांना टेकतो. या जिल्ह्यात आणखी कशाची टंचाई असली तरी उन्हाची नाही. तरीही पाळीचं कापड उन्हाचं तोंड पाहत नाही, कारण ऊन पडतं ते अंगणात आणि अंगणात सासरा बाज टाकून बसलेला असतो.

कापडाच्या बाजूने बोललं की एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. कापड वापरणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्ग जास्त आढळतो, हे संशोधनाने दाखवलं आहे. ओडिशात 486 बायकांची तपासणी करून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुन्हा वापरायचं कापड आणि जननमार्गाच्या तक्रारी यांचा संबंध स्पष्ट दिसला होता. तो निष्कर्ष मी मानते. पण त्याच संशोधकांच्या गटाने 2018 मध्ये पुढचा प्रश्न घेतला तेव्हा कापड वापरणाऱ्या बायकांमध्येही फरक दिसला. ज्या कापड घरात वाळवत आणि संडासाच्या कोपऱ्यात ठेवत, त्यांच्यात बुरशीचा संसर्ग जास्त. ज्या बाहेर उन्हात वाळवत आणि अंग वारंवार धूत, त्यांच्यात कमी. म्हणजे दोष कापडाचा जितका, तितकाच ते दडवण्याचा. आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे कापडाचे समर्थक सोयीने दुर्लक्ष करतात. आजीच्या काळातलं कापड म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा. आज घरोघरी साड्या आहेत सिंथेटिक. त्यांचा तुकडा रक्त शोषत नाही, मांड्या मात्र सोलून काढतो. मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि तो कापूस वेचणाऱ्या बाईच्या घरात सुती चिंधी शोधून सापडत नाही! म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणत बायकांना कापडाकडे वळवावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पॅड, सुती कापड, कापडी पॅड, कप यातलं काय वापरायचं ते बाईने ठरवावं. पण यातलं एकही साधन पाणी आणि आडोसा यांच्यावाचून स्वच्छ राहत नाही, पॅडसुद्धा नाही.

पॅडसुद्धा का नाही, हे कापूस वेचणीच्या दिवसांत नीट कळतं. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर. जितका कापूस तितके पैसे, म्हणून सकाळी ओटी बांधली की दुपारच्या भाकरीपर्यंत कुणी कंबर सरळ करत नाही. शेतात संडास नसतो, विहिरीवर पुरुषमाणसं असतात, तुरीच्या ओळीत बसावं तर बाजूच्या पट्टीत दुसरी टोळी. बदलायला घरी जायचं तर तास-दीड तास मोडतो आणि तेवढा कापूस बुडतो. मग पाच-सहा तासांनी बदला असं पाकिटावर छापलेलं असलं तरी पॅड दिवसभर राहतं. ओलसर प्लॅस्टिक, घाम, चालणं, वाकणं. संध्याकाळी मांड्यांना पुरळ आणि जखमा. पाणी कमी प्यायचं म्हणजे लघवीला जावं लागणार नाही, हा त्यावरचा बायकांनी शोधलेला उपाय, आणि त्यातून लघवीची जळजळ. एक रुपयाचं पॅड या बाईचा प्रश्न सोडवत नाही. बांधावर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा, आत पाण्याची एक कॅन, आणि बदलायला गेलेल्या वेळेचे पैसे न कापण्याची शेतमालकाची तयारी. एवढ्याने बराच सुटतो. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण तिथे आरोग्याचा विषय मजुरीचा होतो.

मजुरीचा विषय निघाला की ऊसतोडीला टाळून पुढे जाता येत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतली कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर कोयता उचलतात आणि पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोप्यांवर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने खाडा केला तर दंड दोघांच्या हिशोबात. पाळी आली म्हणून खाडा करणं परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने 82 हजार 309 ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहाजणींत एक. या सगळ्या शस्त्रक्रिया पाळीतल्या अस्वच्छतेमुळे झाल्या असं म्हणणं चूक ठरेल. गर्भाशयाच्या गाठी, कॅन्सरची दाखवलेली भीती, खासगी दवाखान्यांचं अर्थकारण, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, सारं त्यात मिसळलेलं आहे. पण वाट ओळखीची आहे. अंगावरून पांढरं जातं, खाजतं, ओटीपोट दुखतं. ते दोन-तीन वर्षं कुणाला सांगितलं जात नाही. सांगितलं जातं तेव्हा बाई थेट शहरातल्या खासगी दवाखान्यात पोचते आणि तिथे ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हे वाक्य तयार असतं. पाळीची कटकट मिटणार हे ऐकून तिलाही सुटल्यासारखं वाटतं. ज्या बाईला महिन्यातले चार दिवस निभावायला जागाच नाही, तिला ते चार दिवस कायमचे नाहीसे करणारी शस्त्रक्रिया हा व्यवहार वाटला तर तिचं अज्ञान काढू नये. मधल्या दोन-तीन वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारा हिरव्या रंगाचा औषधसंच होता, एका दिवसात घ्यायच्या गोळ्यांचा, पांढरं जाण्यावर नेमका. तो कपाटात पडून राहिला, कारण त्याबद्दल विचारायचं कुणाला आणि कसं, हे पॅडच्या पाकिटासोबत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप विचारी माणसांकडून येतो. खरा अडथळा विटाळाच्या कल्पनेचा आहे, भिंती आणि नळ बांधून मनं बदलत नाहीत, असं ते म्हणतात. कावळा शिवला की देवघर बंद, लोणच्याची बरणी बंद, पाण्याचा माठ बंद. काही घरांत अंथरूण वेगळं. गडचिरोलीत तर पाळीतल्या बायकांना वेगळं ठेवायची झोपडी, कुर्माघर, आहे, त्याच्या मानाने मराठवाड्यातली शिवाशीव सौम्यच म्हणायची. ही कल्पना जायला हवी यात दुमत नाही. पण माझं निरीक्षण असं की लाजेला टेकू देणारी व्यवस्था काढून घेतली तर लाज लवकर ढिली होते, आणि नुसत्या व्याख्यानाने ती जागची हलत नाही. पाळी नैसर्गिक आहे हे आज आठवीतली मुलगी धडाधड सांगते, पोस्टरवर सुंदर अक्षरात लिहिते. आणि घरी जाऊन पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून उकिरड्यात खुपसते, कारण कुत्र्याने ते ओढून बाहेर काढलं तर गल्लीत हसं होणार हे तिला माहीत असतं. ती भीती अंधश्रद्धा नव्हे, अनुभव आहे. उलट बाजूही मान्य करते. न्हाणीला दार आणि छप्पर आल्यावरही काही घरांत कापड लुगड्याखालीच वाळतं. जागेने सारं सुटतं असा दावा नाही. जागेशिवाय मन बदललं तरी त्या बदलाला राहायला ठिकाण नसतं, एवढाच आहे. आणि विटाळाचा एक परिणाम तर थेट रक्तावर होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. किती अंगावरून जातं, किती दिवस जातं हे बोलायचंच नाही असं ठरल्यावर अतिस्राव ओळखणार कोण? लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, नळ गळतोय का ते मात्र पाहिलं जात नाही.

विल्हेवाटीबद्दल थोडक्यात. पॅडचा बराचसा भाग प्लॅस्टिक आणि द्रव धरून ठेवणाऱ्या रासायनिक पावडरीचा असतो. तो कुजत नाही. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात टाकला तर संडास तुंबतो, ओढ्यात टाकला तर पुढच्या गावाला पोचतो. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. गावातल्या दुकानातली पाकिटं पाहिली तर त्या नियमाचं काय झालं ते कळतं. शाळांमध्ये पॅड जाळायची छोटी यंत्रं बसवण्याची हौस मात्र मोठी. प्लॅस्टिक नीट जळायला 800 अंशांच्या वर तापमान लागतं, तेवढं टिकवणं शाळेच्या भिंतीवरच्या डब्याला जमत नाही, वीज गेली की अर्धवट जळालेलं तसंच राहतं आणि धूर मुलींच्याच नाकात जातो. वर्षभर टिकेल असं कापडी पॅड सुती कापडापासून बचत गट शिवू शकतात. कचऱ्याचा विचार केला तर गावासाठी तो पर्याय सर्वांत शहाणपणाचा, पण पुन्हा त्याला धुवायला जागा हवी. सगळ्या वाटा फिरून न्हाणीशीच येतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. न्हाणी, पाणी, आडोसा हे खर्चिक आणि वेळखाऊ. तोवर मुलींना काय सांगायचं? तोवर पॅड द्यावं, जरूर द्यावं. पण पैसा नाही हे खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता. तो गटारं, हौद, मोटार दुरुस्ती यांत गेला. वाईट कामं नव्हेत ती, पण न्हाणी हा शब्दच आराखड्यात आला नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीपासून, सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांचं काम उभं राहिलं आणि रोजगार हमीतून ते शेकडो गावांत पोचलं. ते झालं डास आणि हिवताप कमी करण्यासाठी. पण विचार करा, न्हाणीचं पाणी उघड्या नालीत न जाता दाराशीच जमिनीत मुरलं तर कापड धुण्यासाठी पहाटेच्या अंधाराची वाट पाहायची गरज उरत नाही. खड्डा, त्यात छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, एवढंच ते काम. परभणीच्या काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. खर्च थोडा वाढतो, अशक्य होत नाही. दार, छप्पर, हाताला येईल अशी खुंटी, कोनाडा, आत उन्हाची तिरीप येईल अशी वरची जाळी, आणि बाहेरून न दिसणारी एक दोरी. हे सांगायला अभियंता लागत नाही. बायकांना विचारलं की पहिल्या दहा मिनिटांत यादी मिळते.

विचारलं जात नाही, हीच गोम आहे. 28 मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन जगभर साजरा होतो. चक्र 28 दिवसांचं आणि स्राव पाच दिवसांचा म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख. जर्मनीतून आलेली कल्पना, तिकडे ठीक असेल. मराठवाड्यात 28 मेला शाळा बंद असतात, हातपंप आटलेले असतात आणि बायका टँकरच्या रांगेत असतात. तरी त्या दिवशी फलक लागतात, पॅडवाटपाचे फोटो निघतात. त्यापेक्षा कायद्याने दिलेली एक जागा हाताशी आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते आणि पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ही सभा बहुतेक गावांत सह्यांपुरती होते. तिच्यात पाळी हा विषय आरोग्य शिक्षण म्हणून न मांडता बांधकामाचा विषय म्हणून मांडला की बोलणं सुटतं, असं मला वारंवार दिसलं आहे. स्वतःच्या अंगाबद्दल चारचौघींत बोलायला जी बाई मान खाली घालते, ती न्हाणीचं दार कुठल्या बाजूला हवं यावर ठामपणे बोलते, आणि का हवं ते सांगताना सगळंच सांगून टाकते.

एक प्रश्न मात्र मला अजून नीट सुटलेला नाही. ज्यांच्याकडे अंगणच नाही, त्यांच्या न्हाणीचं काय? गायरानावर वसलेल्या वस्त्या, गावठाणात दाटीने बांधलेली एकेक खोलीची घरं. जागेचा उतारा नाही म्हणून अनुदान नाही, आणि अनुदान मिळालं तरी बांधायला चार फूट मोकळे नाहीत. त्यांच्यासाठी सामायिक संकुलच हवं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक शौचालयाला 3 लाख रुपयांपर्यंत तरतूद होती आणि त्यात वाट्याने ग्रामपंचायतीचा निधी धरलेला होता. इमारती झाल्या, त्यातल्या अनेकांना कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, पाण्याचं बिल कोण भरणार, झाडणार कोण, याची उत्तरं बांधकामाच्या अंदाजपत्रकात नसतात. मला वाटतं तिथे देखभालीचा करार वस्तीतल्याच बचत गटाशी करावा, मानधन पंचायतीने द्यावं, आणि नकाशात संडासांची संख्या एकाने कमी करून त्या जागी धुण्याची बंदिस्त न्हाणी आणि गच्चीवर वाळत घालायची भिंतीआडची जागा घ्यावी. ग्रामसेवक म्हणतील की मंजूर नकाशात अशी खोली बसत नाही. मग नकाशा बदलून घेण्याचा ठराव महिला सभेतच लिहावा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावा.